पुलीवरची खाच आधी तपासा, मग बीटलचं टायमिंग लावा

फोक्सवॅगन बीटलचं मागचं झाकण उघडलं की पंख्याच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याची) मोठी पुली दिसते. तिची कड कापडाने पुसा आणि बॅटरीच्या उजेडात बघा. एखाद्या पुलीवर एक खाच असते, एखादीवर दोन, तीन. कधी आधीच्या मिस्त्रीने छिन्नीने मारलेला घावही सापडतो. नवीन माणूस यातली जी पहिली दिसेल तिच्यावर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, लावतो. गाडी चालू होते, शहरात फिरते, म्हणून चूक महिनोन्महिने कळत नाही.

माझ्या गाडीचं असंच झालं होतं. इंजिन बाहेरच्या एका गॅरेजमधून उतरवून, बांधून आलं होतं. पुलीवर एकच खाच होती. पुस्तिकेत ७.५° लिहिलेलं, म्हणून मी तीच खाच ७.५° ची धरली. सोलापुरात सात रस्ता ते होटगी रोड गाडी ठीक चालायची. तुळजापूरच्या घाटात मात्र तिसऱ्या गिअरला दम टाकायची आणि वर पोचेपर्यंत मागून तापलेल्या ऑइलचा वास यायचा. कार्ब्युरेटर दोनदा खोलला, पेट्रोल पंप बदलला, काही फरक नाही.

आमचे मामा पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जुळवून देणारे मिस्त्री, होते. त्यांनी इंजिनाला हातही लावला नाही. खाली वाकून पुली बघितली आणि विचारलं, "ही खूण तुझ्याच इंजिनाची आहे कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तपासल्यावर कळलं की पुली दुसऱ्या इंजिनाची होती आणि तिच्यावरची खाच ७.५° ची नव्हती, शून्याची होती. म्हणजे माझ्या इंजिनात ठिणगी कायम साडेसात अंश उशिरा पडत होती.

बीटल १९३८ पासून २००३ पर्यंत बनत राहिली, २ कोटी १५ लाखांवर गाड्या निघाल्या, आणि एका वर्षाचा भाग दुसऱ्या वर्षाच्या इंजिनाला बसतो. आपल्याकडे जुन्या गाड्यांना जो भाग मिळेल तो लागत आला आहे. पुली एका सालची, डिस्ट्रिब्युटर (चारही सिलिंडरना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) दुसऱ्या सालचा, इंजिन तिसऱ्याच सालचं, असं सर्रास असतं. त्यामुळे या लेखात खाचेवर विश्वास ठेवायच्या आधी ती खरी आहे का ते बघायचं आहे. टायमिंग लावायचं काम वीस मिनिटांचं. खूण सिद्ध करण्यात एक अख्खी सकाळ जाते, पण ती एकदाच.

टायमिंग म्हणजे काय, हे सोलापूरच्या माणसाला मागावरून पटकन कळतं. ताण्याचे धागे वर-खाली होऊन मधे वाट उघडते, त्या वाटेतून धोटा पलीकडे जातो. धोट्याला फटका लवकर बसला तर वाट पुरती उघडलेली नसते, उशिरा बसला तर वाट मिटत आलेली असते. दोन्हीकडे धागे तुटतात. म्हणून जॉबर फटक्याची वेळ क्रँकच्या अंशांवर ठरवतो. साध्या मागात क्रँक शाफ्टचे दोन फेरे झाले की खालच्या शाफ्टचा एक फेरा होतो. बीटलमध्येही क्रँकच्या दोन फेऱ्यांना डिस्ट्रिब्युटरचा एकच फेरा. हे दोनाला एक डोक्यात पक्कं बसवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

इंजिनात ठिणगी पडल्यावर पेट्रोल-हवेचं मिश्रण जळायला थोडा वेळ घेतं. पिस्टन सगळ्यात वर पोचून खाली वळताना दाब जास्तीत जास्त हवा, म्हणून ठिणगी त्याआधीच पाडावी लागते. पिस्टन सगळ्यात वर असण्याची जी जागा, तिला टीडीसी म्हणतात; तिथे ०°. ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० फेरे मारतो, म्हणजे ३०° फिरायला सेकंदाचा ६००वा भाग लागतो. इतक्या थोड्या वेळाचा हिशेब पुलीवरच्या एका रेघेने ठेवायचा, म्हणून रेघ बारीक आणि बरोबर जागी हवी.

टायमिंग जास्त ॲडव्हान्स झालं, म्हणजे ठिणगी फार लवकर पडली, तर नॉकिंग होतं, मिश्रण अवेळी भडकतं. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात नॉकिंगचा टकटक आवाज ऐकू येतो. बीटलमध्ये पंख्याच्या घोंगाटात तो दबतो आणि कळेपर्यंत पिस्टनला भोक पडलेलं असू शकतं. रिटार्ड झालं, म्हणजे ठिणगी उशिरा पडली, तर ओढ जाते, सायलेन्सर आणि हेड तापतात. गाडीत तापमानाचा काटा नाही, ऑइलचा लाल दिवा तेवढा आहे, आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला त्या दिवसांत चुकीचं टायमिंग झेपत नाही.

आता सामान. ०.४ मिमीचं पान असलेला फिलर गेज, २१ ची गोटी (प्लगला हीच चालते आणि डायनॅमोच्या पुलीच्या नटालाही), १० आणि १३ चे रिंग पाने, चपटा स्क्रू ड्रायव्हर, होल्डरसकट एक इंडिकेटरचा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी, कागदाची लांब पट्टी, बारीक टोकाचं व्हाइटनर. गाडी ६ व्होल्टची असेल तर बल्बही ६ व्होल्टचाच घ्या. स्ट्रोब लाइट (प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकणारा टायमिंगचा दिवा) विकत किंवा मागून आणा. पहिल्या दिवशी नसला तरी काम अडत नाही.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना सुरुवात करा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना विटा. टॅपेट (व्हॉल्व्हजवळची फट) आधीच लावून घेतलेले असावेत. १३०० ते १६०० च्या बहुतेक इंजिनांना थंड असताना ०.१५ मिमी. क्रम टॅपेट, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधली उघडमीट होऊन ठिणगी पाडणारी कळ), टायमिंग आणि शेवटी कार्ब्युरेटर. हा क्रम उलटा केला की एक लावताना दुसरं बिघडतं आणि माणूस दिवसभर गोल फिरत राहतो. पेट्रोलचे रबरी पाइप दाबून बघा. कडक झालेला, भेगा पडलेला पाइप असेल तर आज टायमिंग राहू द्या आणि पाइप बदला. या गाड्या जळायचं ते एक मोठं कारण आहे, आणि आता पंपावर मिळणाऱ्या इथेनॉलच्या पेट्रोलाला जुनं रबर टिकत नाही.

१ नंबर ओळखणं

बीटलचं इंजिन मागे आहे, पण "पुढे" म्हणजे गाडीचं तोंड ज्या दिशेला आहे तीच बाजू. उजव्या बाजूचे सिलिंडर १ आणि २, डाव्या बाजूचे ३ आणि ४. १ नंबर उजवीकडचा पुढचा, म्हणजे मागून वाकून बघताना आपल्यापासून लांबचा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणगी पडण्याचा क्रम, १-४-३-२. डिस्ट्रिब्युटरचा रोटर (कॅपखाली फिरणारा तुकडा) मागून आणि वरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्यामुळे कॅपवरच्या वायरीही त्याच दिशेने १, ४, ३, २ अशा लागतात. क्रँकची पुलीसुद्धा मागे उभं राहून बघितल्यावर घड्याळाच्या दिशेनेच फिरते.

कॅप काढा. डिस्ट्रिब्युटरच्या कडेवर एक बारीक खाच असते. रोटरचं टोक तिच्यासमोर आलं की १ नंबरची पाळी. ही खाच सापडली नाही तर कॅपवरची १ नंबरची वायर जिथे आहे ती जागा कडेवर खाली खडूने मारून ठेवा.

खरी टीडीसी शोधणं

यात घाई करू नका. इथे चूक झाली तर पुढचं सगळं चुकतं.

चारही प्लग काढा. प्लग निघाले की इंजिन हाताने, पंख्याचा पट्टा ओढून फिरतं. एक जुना प्लग घ्या, त्याचा पांढरा चिनी मातीचा भाग फोडून काढा आणि उरलेल्या धातूच्या पेल्यातून एक बोल्ट आरपार बसवून घ्या. बोल्टचं आतलं टोक गोल, गुळगुळीत करून घ्या, नाहीतर पिस्टनवर ओरखडा उठेल. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कुठलाही लेथवाला हे काम करून देतो. सोबत दुसरा चांगला प्लग न्या म्हणजे बोल्ट किती बाहेर यायला हवा ते त्याला दाखवता येईल. थोडाच पुरे.

ही वस्तू १ नंबरच्या भोकात बसवा. आता पट्टा हलक्या हाताने ओढत इंजिन घड्याळाच्या दिशेने फिरवा. पिस्टन वर येऊन बोल्टला टेकला की थांबेल. जोर लावायचा नाही. टेकल्याचं हाताला स्पष्ट कळतं. त्या क्षणी इंजिनाच्या दोन अर्ध्यांचा जो उभा सांधा पुलीच्या वर मधोमध दिसतो, त्याच्या बरोबर समोर पुलीवर व्हाइटनरची एक बारीक रेघ मारा. मग उलट दिशेने फिरवा. उलटं फिरवताना क्रँकच्या बोल्टला पाना लावू नका, तो सैल होईल, पट्टाच ओढा. जवळजवळ एक फेरा झाल्यावर पिस्टन पुन्हा टेकेल. सांध्यासमोर दुसरी रेघ मारा.

या दोन रेघांमधलं जे लहान अंतर आहे, त्याचा बरोबर मध्य म्हणजे तुमच्या इंजिनाची टीडीसी. तिसरी रेघ तिथे मारा, आणि ती मारण्याआधी मोजमाप दोनदा करा. बोल्टवाला प्लग लगेच काढून बाजूला ठेवा. तो आत राहिला आणि कुणी स्टार्टर मारला तर पिस्टन गेला.

इथे पुलीवरच्या मूळ खाचा परत बघा. तुमची रेघ एखाद्या खाचेवर आली, तर ती खाच शून्याची. माझ्या गाडीवर नेमकं हेच निघालं. रेघ कुठल्याच खाचेवर नसेल, तर खाचा बहुधा ७.५° आणि १०° च्या असतात, डावीकडची ७.५, उजवीकडची १०. पण "बहुधा" वर थांबू नका, मोजून घ्या.

अंश मोजण्याची पट्टी

कागदाची पट्टी पुलीच्या त्याच कडेवर गुंडाळा जिच्यावर रेघ मारली आहे. टोकं जिथे जुळतात तिथे कापा. पट्टी सपाट पसरून तिची लांबी मोजा. समजा ५४० मिमी भरली. ५४० ला ३६० ने भागलं की १ अंशाला १.५ मिमी. म्हणजे ७.५° ला ११.२५ मिमी, १०° ला १५ मिमी, आणि ३०° ला ४५ मिमी. तुमची पट्टी वेगळी भरली तर आकडे बदलतील, रीत तीच. भागाकार नको असेल तर पट्टीच्या घड्या घाला: आधी तीन सारखे भाग, मग दोनदा निम्मे. १२ भाग झाले, आणि एक भाग बरोबर ३०°.

टीडीसीच्या आधीच्या खुणा टीडीसीच्या उजवीकडे मारायच्या. यात नवीन माणूस हमखास गोंधळतो, म्हणून असं करा: टीडीसीची रेघ सांध्यासमोर आणा आणि पुली हळूहळू घड्याळाच्या दिशेने फिरवा. वरच्या बाजूला पुलीची कड डावीकडून उजवीकडे सरकते. म्हणजे जी रेघ उजवीकडे आहे ती सांध्याला आधी भेटून गेली. ठिणगी टीडीसीच्या आधी पडते, म्हणून तिची खूण उजवीकडे. ७.५° ला एक आणि ३०° ला एक रेघ मारा. ३०° ची थोडी लांब किंवा वेगळ्या रंगाची, नेलपॉलिश चालतं. रेघ जाड नको. ३ मिमीची जाड रेघ म्हणजे २ अंश त्या रेघेतच गेले.

कुठल्या आकड्यावर लावायचं, ते डिस्ट्रिब्युटर ठरवतो. डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर बॉशचा नंबर कोरलेला असतो, तो वाचा. नंबर ००९ ने संपत असेल आणि बाजूला व्हॅक्यूमची डबी नसेल, तर तो फक्त आतल्या, वेगाबरोबर बाहेर उघडणाऱ्या वजनांवर ॲडव्हान्स होणारा: थांबलेल्या इंजिनावर ७.५°, आणि ३००० च्या वर २८° ते ३२°. जुन्या १२०० च्या व्हॅक्यूमवाल्या डिस्ट्रिब्युटरला थांबलेल्या इंजिनावर १०°. १९६८ ते १९७० च्या काही इंजिनांना शून्य, आणि १९७१ नंतरच्या, दोन व्हॅक्यूम नळ्यांच्या डिस्ट्रिब्युटरला दोन्ही नळ्या जोडून टीडीसीच्या नंतर ५°. एकाच डबीचा डिस्ट्रिब्युटर नंतर कुणी बसवला असेल तर नळी काढून तिचं तोंड बंद करून ७.५°. आपल्याकडे ००९ सगळ्यात जास्त दिसतो, म्हणून पुढचं त्यावरच लिहितो.

पॉइंट

पॉइंटची गॅप टायमिंगच्या आधी, नेहमी. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे जातं. कमी झाली की मागे येतं. टायमिंग हलवल्याने मात्र गॅप हलत नाही.

इंजिन फिरवत पॉइंटचा फायबरचा तुकडा डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरच्या कॅमच्या उंचवट्यावर, अगदी माथ्यावर आणा. पॉइंटचा स्क्रू अर्धा सैल करा आणि ०.४ मिमीचं पान सरकवा. पान जाताना हाताला किंचित घासलं पाहिजे, पण पॉइंट हलता कामा नये. स्क्रू घट्ट करा आणि परत मोजा, कारण घट्ट करताना गॅप थोडी सरकतेच. चारही उंचवट्यांवर बघा. फरक जाणवण्याइतका असेल तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट किंवा बुश झिजला आहे.

फिलर गेजच्या पानावर ऑइलचा पातळ थर असतो. तो पॉइंटवर लागला की करंट जात नाही आणि "नवीन पॉइंट टाकले तरी गाडी चालू होईना" अशी तक्रार येते. गॅप लावून झाल्यावर एक कोरं, स्वच्छ व्हिजिटिंग कार्ड पॉइंटच्या मधे घालून ओढून काढा. कार्डावर काळी रेघ उमटते. ती उमटेनाशी होईपर्यंत दोन-तीनदा करा. फायबरच्या तुकड्यासमोर कॅमवर ग्रीसचा तांदळाएवढा ठिपका लावा, जास्त नको, उडून पॉइंटवर येतं.

दिव्याने टायमिंग लावणं

बल्बची एक वायर कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या डब्याच्या) १ आकडा लिहिलेल्या टोकाला जोडा. हीच बाजू डिस्ट्रिब्युटरकडे जाते. दुसरी वायर इंजिनाच्या उघड्या धातूला. चावी फिरवा, स्टार्टर मारू नका. पॉइंट मिटलेला असला की दिवा विझलेला, उघडला की दिवा लागतो. ठिणगी पॉइंट उघडण्याच्या क्षणी पडते, म्हणून दिवा लागण्याचा क्षण म्हणजे ठिणगीचा क्षण.

पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलेलं असेल तर ही युक्ती करू नका, चावी चालू ठेवून ते जळू शकतं. थेट स्ट्रोब वापरा. पॉइंटवाल्या गाडीतही चावी दहा-दहा मिनिटं चालू ठेवू नका, कॉइल तापते. विचार करायला थांबलात की चावी बंद.

आता पुली घड्याळाच्या दिशेने फिरवत ७.५° ची रेघ सांध्यासमोर आणा आणि रोटर १ नंबरच्या खाचेकडे बघतोय ना ते पाहा. दोन फेऱ्यांना एक फेरा हे इथे कामाला येतं: ७.५° ची रेघ प्रत्येक फेऱ्यात सांध्यासमोर येते, पण रोटर एक आड एक फेऱ्यातच १ नंबरकडे असतो. उलट्या बाजूला बघत असेल तर अजून एक पूर्ण फेरा फिरवा. रेघ ओलांडून पुढे गेलात तर नुसतं मागे आणून थांबू नका. बरंच मागे नेऊन परत पुढे या. गिअरांमध्ये थोडी ढिलाई असते, आणि इंजिन चालताना ती नेहमी एकाच बाजूला दाबलेली असते.

डिस्ट्रिब्युटरच्या पट्टीचा नट सैल करा, इतकाच की डिस्ट्रिब्युटर हाताने अडखळत फिरेल. आधी घड्याळाच्या दिशेने थोडा फिरवा, दिवा विझेल. मग अगदी हळू, उलट दिशेने. दिवा लागला त्या जागी थांबा. तिथेच धरून नट घट्ट करा.

खात्री करा: पुली अर्धा फेरा मागे न्या आणि हळूहळू पुढे आणा. रेघ सांध्याला भिडते त्याच क्षणी दिवा लागला पाहिजे. रेघ सांध्याच्या ३-४ मिमी अलीकडे असताना लागला, तर दोन-अडीच अंश जास्त ॲडव्हान्स झालं आहे, परत करा. पहिल्या दिवशी माझं पाचव्या वेळी बरोबर आलं होतं. हाताला सवय झाली की दुसऱ्या वेळी येतं.

प्लग बसवा, वायरी लावा, कॅप लावा, बल्ब काढा. गाडी चालू होऊन घाटापर्यंत जायला एवढं पुरेसं आहे.

स्ट्रोबने ३००० वर

दिव्याने लावलेलं टायमिंग थांबलेल्या इंजिनाचं. वाटेवर मात्र इंजिन ३००० च्या आसपास फिरतं, तिथे वजनं उघडून ॲडव्हान्स वाढलेलं असतं. वजनांच्या स्प्रिंगा जुन्या झाल्या की हा आकडा कुठेही जाऊ शकतो. म्हणून मी ००९ वर ३०° ची रेघच खरी मानतो. थांबलेल्या इंजिनावर त्यामुळे साडेसातऐवजी ६ किंवा ९ आलं तरी चालू देतो. दोन्हींत निवडायचं झालं तर वरचा आकडा राखा. पिस्टनला भोक पाडतं ते वरचं टायमिंग.

इंजिन गरम करून घ्या. हे काम उघड्यावरच करा, बंद शटरच्या आत धूर साचतो आणि जीव जातो. स्ट्रोबचा चिमटा १ नंबरच्या वायरीला लावा. सैल सदरा, ओढणी, गळ्यातलं काही असेल तर आधी काढा, आणि बांगड्या-घड्याळसुद्धा. स्ट्रोबच्या उजेडात पुली आणि पट्टा थांबल्यासारखे दिसतात. ते थांबलेले नसतात, आणि डोळा फसला की हात आपोआप तिकडे जातो. स्ट्रोबची वायर पट्ट्यापासून लांब बांधा.

मदतीला एकजण घ्या. तो हळूहळू ३००० च्या वर नेईल. रेघ उजवीकडून डावीकडे सरकताना दिसेल, मग एका जागी थांबेल. थांबली म्हणजे वजनं पूर्ण उघडली. ती जागा वाचायची. ३०° ची रेघ सांध्यासमोर असेल तर झालं. रेघ सांध्याच्या उजवीकडे दिसली, म्हणजे ठिणगी पडायच्या आधीच ती निघून गेली: टायमिंग कमी, डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. डावीकडे दिसली, म्हणजे ती अजून पोचायची होती आणि ठिणगी आधीच पडली: टायमिंग जास्त, घड्याळाच्या दिशेने फिरवा. फिरवताना इंजिन आयडलवर, म्हणजे पाय न दाबता मंद चालेल तिथे, आणून मगच फिरवा, एका वेळी एक-दोन मिमी.

उन्हाळ्यात मी २८ वर ठेवतो. सोलापूरहून दुपारी पुण्याच्या हायवेला लागायचं, चार माणसं आणि मागे सामान, अशा वेळी २ अंश कमी असलेले बरे. ओढ थोडी कमी वाटते, पण हेड थंड राहतात. थंडीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला, ३० वर परत आणतो. ३२ च्या वर मी कधीच जात नाही, गाडी कितीही हलकी पळाली तरी.

स्ट्रोबखाली आणखी तीन गोष्टी कळतात. रेघ एका जागी न थांबता थरथरत असेल तर डिस्ट्रिब्युटरचं बुश झिजलं आहे. टायमिंग लावत बसू नका, आधी बुश. रेघ आरपीएम वाढवूनही सरकतच नसेल तर वजनं गंजून अडकली आहेत. रोटर हाताने त्याच्या फिरण्याच्या दिशेने वळवून सोडा, तो स्प्रिंगने परत यायला हवा. आणि रेघ मधूनच गायब होत असेल तर ठिणगी चुकते आहे: पॉइंट, कंडेन्सर, वायर, या क्रमाने बघा.

टायमिंग फक्त १ नंबरवर लावा. ३ नंबरची रेघ मोजून "हे दोन-तीन अंश मागे आहे, बिघडलंय" असं कुणी म्हणेल. बीटलच्या बऱ्याच जुन्या डिस्ट्रिब्युटरांत ३ नंबरचा उंचवटा मुद्दाम थोडा मागे ठेवला आहे. ऑइल कूलर त्या सिलिंडरच्या वाटेत येऊन हवा अडवतो, तो सिलिंडर जास्त तापतो, म्हणून कारखान्यानेच त्याला सवलत दिली होती.

रस्त्यावर

तुळजापूरचा घाट तिसऱ्या गिअरला चढून बघा. पाय दाबल्यावर गाडी न अडखळता ओढली पाहिजे. वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद करा, थोडं थंड होऊ द्या आणि १ नंबरचा प्लग काढा. टोकावरचा रंग खाकी-तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक असेल, किंवा चिनी मातीवर चकचकीत बारीक मणी दिसत असतील, तर लगेच २-३ अंश मागे घ्या आणि मिश्रण पातळ नाही ना तेही पाहा.

नवीन पॉइंटचा फायबरचा तुकडा सुरुवातीला भराभर झिजतो, गॅप कमी होते आणि टायमिंग आपोआप मागे जातं. म्हणून पहिल्या ५०० किलोमीटरनंतर गॅप परत ०.४ करा आणि टायमिंग परत बघा. पुलीवरच्या खुणा व्हाइटनरच्या असतील तर ऑइलने पुसल्या जातात. टीडीसी आणि ३०° ची जागा एकदा पक्की झाली की त्रिकोणी कानशीने अर्धा मिमी खोल खाच पाडा. मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख, किलोमीटर, पुलीचा घेर आणि कुठली खाच कशाची ते रंगाने लिहून ठेवा. माझ्या गाडीत मामांच्या हातचं लिहिलेलं आहे: "मधली शून्य. उजवीकडची ३०. डावीकडे काही नाही."